साळवेमामांची पोच

आमच्या भिंगारच्या चाळीतले साळवेमामा दूधवाल्याशीसुद्धा वायरलेसवर बोलल्यासारखे बोलत. "अर्धा लिटर दे, ओव्हर." दूधवाला दूध घालून पुढच्या दारी जाई. मामा मात्र पातेलं धरून तिथंच उभे. त्याच्याकडून पोच यायची राहिलेली असे.

लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेस संच दुरुस्त करण्यात मामांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर वर्कशॉप सुटलं, 'ओव्हर' सुटलं नाही. समोरच्यानं ऐकल्याचं कळल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. सुमनमामी होत्या तोवर हे खपून गेलं. त्या पोळ्या लाटता लाटता आतून "रॉजर", म्हणजे 'ऐकलं', म्हणत. मामी गेल्या आणि मामांच्या बोलण्यात भोकं पडली. ते बोलत, थांबत, मग स्वतःच विषय बदलत. ते थांबणं बघवत नसे, म्हणून चाळकरी घाईत असल्यासारखं दाखवून निघून जात.

चाळीत केबल टीव्ही आला त्या सुमारास मामांनी रिमोटवर उडणारं विमान करायला घेतलं. विमान थर्माकोलचं, इंजिन चिमुकलं. खरा जीव रिमोटमध्ये. विकतचा रिमोट मामांना मंजूर नव्हता.

"त्यो निस्ता हुकूम सोडतो. विमानानं ऐकलं का न्हाई, त्याचा पत्ताच न्हाई."

मामांचं विमान हुकूम मिळाला की उलट खबर धाडणार होतं आणि रिमोट 'टीं' वाजणार होता. एवढ्यासाठी त्यांनी पुण्याहून दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे काम शिकवता येणाऱ्या चिप, आणले; एक विमानाला, एक रिमोटला. काळे, बहुपायी. मामा त्यांना किडे म्हणत.

"पण मामा, विमान वळलेलं डोळ्यांना दिसतंच की," मी म्हटलं.

"दिसनं येगळं, त्यानं सांगनं येगळं. ओव्हर."

किड्याच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. तिच्यातून ऊन लागत राहिलं की किडा शिकवलेलं सगळं विसरतो, म्हणून ती झाकावी लागते. मामांनी मामींच्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दोन्ही किड्यांना लाल टिकली लावली. तरी उन्हाची धास्ती होतीच. उडवताना रिमोटवर उपरणं टाकायचं ठरलं. या उपरण्यानंच पुढचा घोटाळा केला.

छावणीच्या हद्दीत हे उडवू नका, असं फाटकावरच्या जवानानं सांगितलं. मामांनी त्याला "रॉजर" म्हटलं आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचं मैदान निवडलं. सोनईला जाताना ते त्यांना मोकळं दिसलं होतं. माझ्या स्कूटरवरून आम्ही पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. मैदानभर बैल, म्हशी, शेळ्या. मी परत फिरायला निघालो, पण मामांनी कडेची एक मोकळी पट्टी शोधून विमान उडवलंच.

ते खरोखर उडालं. मामांनी उपरण्याखाली बोट हलवलं, विमान डावीकडे वळलं आणि उपरण्यातून 'टीं' झालं. मामांचे डोळे भरून आले.

आता घोडेगावच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून उभा असलेला माणूस म्हणजे सौदा करायला उभा असलेला माणूस. भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा, ही तिथली रीत. शेळ्यांचा एक व्यापारी एक शेळी ओढत सावकाश आला, त्यानं उपरण्याखाली हात घातला आणि मामांची दोन बोटं दाबली. बोटं खटक्यावर होती. विमान उभं वर सुटलं.

"सोडा वो, वर चाललंय ते," मामा कळवळले.

"भाव वरच जानार. दूध लई हाय तिला," व्यापारी म्हणाला आणि त्यानं आणखी एक बोट दाबलं.

विमान गिरकी खाऊन एका म्हशीपुढच्या कडब्यात पडलं. म्हशीनं पंख चाटून पाहिला. हबकलेल्या मामांनी आधारासाठी व्यापाऱ्याचा हात गच्च धरला. झालं, भाव कबूल झाला. आजूबाजूच्यांनी मान डोलावली. मी भांडायच्या तयारीत होतो.

"मला शेळी नगं हाय, ओव्हर," मामा म्हणाले.

"बेंऽ," शेळी म्हणाली.

मामा थबकले. तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी काय बोललो ते कळलं का? ओव्हर."

"बेंऽ."

मग मामांनी वाद घातला नाही, मुकाट पैसे मोजले. भिंगारपर्यंत मी स्कूटर चालवली, मामा मागे, मध्ये शेळी, आणि तिचं तोंड सबंध रस्ताभर माझ्या खांद्यावर.

विमान पुन्हा उडालं नाही. त्यातला किडा मामांनी पुसून मामींच्या फोटोपाशी ठेवला. टिकली जागेवरच होती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर मामा ओट्यावर बसून शेळीला सांगत होते, "आज भाजीत मीठ जास्ती झालं, ओव्हर." शेळी पाला चघळत राहिली. मामा थांबले. मीही थांबलो. तिनं काहीतरी बोलावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. बऱ्याच वेळानं ती "बेंऽ" म्हणाली.

"फार उशीर लावते हो," मी म्हटलं.

मामांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "सुमनचंबी असंच हुतं. कामात असली की उशीर करायची. पन पोच द्यायची. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो.