रामटेके काकांची चार मिनिटं

रामटेके काकांचा मोबाइल वाजला की काका फोनला हात लावण्याआधी भिंतीवरून मला हाक मारत, "राजेश, स्टँडबाय!" मी चप्पल अडकवून त्यांच्या अंगणात पोचेपर्यंत फोन वाजून वाजून गप्प झालेला असे. मग पलीकडून तो पुन्हा येई. मी काकांपासून मोजून दहा पावलांवर उभा राही आणि घड्याळाकडे बघत बसे. चार मिनिटं झाली की ओरडायचं, "काका, टाइम!" एवढंच माझं काम.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. काकांची अख्खी नोकरी स्टील प्लांटच्या गॅस सेफ्टीत गेली. तिथला नियम असा की गॅसच्या भागात एकट्यानं जायचं नाही. एक आत गेला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची, त्याची वेळ मोजायची. हा बाहेरचा माणूस म्हणजे स्टँडबाय. काका रिटायर झाले, आमच्या हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत राहायला आले, लेकीनं त्यांना पहिला मोबाइल घेऊन दिला आणि त्याच महिन्यात कुणीतरी त्यांच्या कानात रेडिएशन नावाचा शब्द सोडला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! मी शेजारी, हथखोजच्या एका कारखान्यात स्टोअरला, रविवारी मोकळा. माझी नेमणूक होऊन गेली.

"काका, मोबाइल म्हणजे का गॅसची पाइपलाइन आहे?" मी एकदा विचारलं.

"गॅस डोळ्याले दिसते का बे?"

"नाही दिसत."

"मंग? हेबी दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्यापासून पयले दूर राहाचं. तीस वर्सं मी लोकायले हेच सांगत आलो."

काकांचा फोन त्यांच्या जुन्या ड्यूटीच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात राही. झाकण लावलं की नेटवर्क जाई, म्हणून लेकीच्या तक्रारीनंतर झाकण अर्धं उघडं ठेवायची सवलत मिळाली. बोलताना दोन मिनिटं डावा कान, दोन मिनिटं उजवा. बोलणं संपलं की अंगणातल्या कडुनिंबाखाली दहा मिनिटं मोकळी हवा. दुसऱ्यांच्याही जिवाची त्यांना तेवढीच काळजी. एकदा भाजीबाजारात एका अनोळखी माणसाच्या शर्टाच्या खिशातला फोन त्यांनी सरळ काढला आणि त्याच्याच पिशवीत वांग्यांवर ठेवला. "कलेजाजवळ ठेवतेत का कोनी?" असं ते त्याला समजावत होते आणि तो "चोर, चोर" म्हणून बोंबलत होता. मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

डॉक्टरांना विचारून झालं. डॉक्टर म्हणाले, यानं नुकसान होतं असं काही ठाम सिद्ध झालेलं नाही. काकांनी लगेच विचारलं, "नाही होत असं सिद्ध झालं का?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

लँडलाइनवर मात्र त्यांचा जीव होता. "तारेतून गेलेलं तारेतच राहते," म्हणत. प्लांटच्या क्वार्टरमध्ये असताना गावी भंडाऱ्याला फोन लावायचा तर काका, काकू आणि त्यांची छोटी लेक सुषमा नटूनथटून सेक्टरच्या मार्केटमधल्या एसटीडी बूथवर जात. रांगेत निम्मे लोक ओळखीचे भेटत. येताना गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, ठरलेली. आम्हीही तसेच जात असू, आईचा हात धरून. फोन करणं हा तेव्हा सहकुटुंब कार्यक्रम होता आणि खरं सांगतो, मला त्या रांगेची फार आठवण येते.

पुढे काकू गेल्या. सुषमा नोकरीला बंगलोरला गेली. तिचा फोन दर रविवारी सकाळी येई. काकांचा जन्म मशीनच्या आवाजात गेलेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. दहा पावलांवर मला सगळं ऐकू येई. "जेवली? कोन्त्या कानाले धरला? बदल. उशाशी घेऊन झोपत नाही न? बरं." तेवढ्यात मी ओरडे आणि काका फोन बंद करत.

एका शनिवारी सुषमाचा फोन मलाच आला. "भैया, बाबा माझ्याशी बोलायलेच नाही पाहत. चार मिनिट हुए नहीं कि कट. त्यातले दोन तं कान बदलण्यात जातेत. मी उगाच त्रास देऊन राहिली का त्यायले? तसं असन तं सीधा बोल दो. मी नाही करणार फोन."

मला फार अपराधी वाटलं. टाइम म्हणून ओरडणारा तर मीच होतो.

दुसऱ्या दिवशी टाइम झाला, फोन बंद झाला, मी नेहमीसारखा निघालो. फाटकाशी पोचलो आणि ठरवलं की आज काकांना चार शब्द सुनावायचेच. परत वळलो. काका कडुनिंबाखाली उभे होते. फोन कानाला होता आणि ते बोलत होते.

"अन् आयक सुषे, काल डाळीत मीठ दोनदा पडलं. तुही माय असती तं हासली असती. तुह्या खोलीतला पंखा मी रोज जरासा चालवतो, जाम होऊ नाही म्हणून. तुले ये म्हनत नाही मी. सुट्टी नाही भेटत, समजते मले. पन घर लय मोठं झालं वो पोरी."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. फोन खाली आला. "बंद हाय," ते म्हणाले. "बंद फोनले कायचं रेडिएशन?"

"काका, हे चालू फोनवर कावून नाही बोलत तुमी?"

त्यांनी फोन सदऱ्याला पुसला. "मी जेवढा वेळ बोलन, तेवढा वेळ तिच्याबी कानाले लागून राहते न ते. माह्या कानाचं काय, गेलाच हाय." मग आवाज उतरला. मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "अन् हे आयकून पोरगी रडन. तिथं तिच्याजवळ कोन उभं हाय?"

चार शब्द सुनावायला आलेला मी तसाच घरी गेलो. दुपारी सुषमाला फोन लावला आणि जे ऐकलं ते शब्दन् शब्द सांगितलं. पंख्याचं तिनं दोनदा सांगायला लावलं.

"मी दर रविवारी करीन फोन," ती शेवटी म्हणाली. "पयले त्यायले, मंग तुमाले. बंद फोनवर काय बोलले ते तुमी सांगा. पण भैया, मले कळलं म्हणून बाबाले सांगू नका. नाही तं ते बंद फोनवरबी बोलणार नाहीत."