धर्माकाकांचं दूध वर ओता

दूध सोसायटीत लोक दूध घेऊन येतात. धर्माकाका म्हैस घेऊन यायचे.

बोईसरहून घिवलीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि इकडे आम्ही एका पडवीत दूध सोसायटी काढली होती. मी नुकताच मॅट्रिक झालेला, म्हणून सेक्रेटरी. दूध मापणारा मीच, तपासणारा मीच आणि शिव्या खाणाराही मीच. या तिसऱ्या कामात धर्माकाकांनी मला कधी सुट्टी दिली नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि दूध जरा पातळ वाटतंय असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी काका आपल्या मोगरी म्हशीला घेऊन हजर. पडवीच्या खांबाला तिला बांधली, रांगेतल्या सगळ्यांसमोर धार काढली आणि म्हणाले, "आता तुझी ती नळी हिच्या तोंडात घाल आन् इचार." त्या दिवसापासून रोज हेच.

दुसरा हट्ट याहून भारी. त्यांचं दूध कॅनमध्ये शेवटी, सगळ्यांच्या वर ओतायचं. खाली गेलं तर बाकीच्यांचं पाणी त्यात मुरतं, असं त्यांचं शास्त्र. कॅन हलला की सगळं दूध एक होतं, हे मी समजावून पाहिलं. तुमा शिकलेल्यांना दुधातलं काय कळतंय, एवढंच उत्तर. मग काय, शेवटचा कॅन उघडा ठेवून आम्ही मोगरीची वाट बघत बसायचो. एकदा दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरने वैतागून भोंगा वाजवला. मोगरी बिथरली, पान्हा सोडेना. काकांनी ड्रायव्हरला खाली उतरवून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लावला. त्याने मुकाट्याने फिरवला.

सोसायटीची पेंड आली की आधी चिमूटभर स्वतः चघळून बघायचे आणि मीठ कमी असल्याची तक्रार करायचे. आम्ही आणलेल्या गुरांच्या डॉक्टरने हात धुतलेत की नाही, ते हुंगून बघायचे. आणि जाताना रोज न चुकता, "या सोसायटीत काय दम नाय."

त्यामुळे बांधकामावरच्या कँटीनचा ठेकेदार गावात फिरू लागला तेव्हा माझी झोप उडाली. भाव जास्त देतो, दारात येऊन दूध नेतो, असं तो सांगत होता. पाच-सहा घरांनी मला तोंडावर सांगितलं, धर्माकाका जातील तिकडं आमी. ती घरं गेली असती तर कॅन भरले नसते, आणि अर्ध्या कॅनसाठी गाडी आमच्या गावाकडे वळली नसती. मग पाड्यांवरून शेरभर दूध घेऊन चालत येणाऱ्या बायांनी ते घालायचं कुठे? ठेकेदार काही त्यांच्यासाठी डोंगर चढणार नव्हता, आणि बांधकाम संपलं की तोही गुल होणार होता.

संध्याकाळी मी सहकाराचे फायदे पाठ करून काकांच्या गोठ्याशी गेलो. आत बोलणं चालू होतं. वाटलं, ठेकेदार माझ्याआधी पोचला. डोकावलो तर काका एकटेच. मोगरीची पाठ घासत, सकाळी सोसायटीवर कोण काय म्हणालं ते तिला सांगत होते, तेही माझी नक्कल करून. नक्कल चांगली जमली होती, याचा मला जास्त राग आला.

मी विचारलं, ठेकेदाराला काय सांगितलंत?

"हाकलला त्याला."

"पण भाव जास्त देतोय ना तो?"

"देतोय. पण दारातून नेणार म्हणतो. मंग सकाळी मी जाऊ कुटं?"

हात न थांबवता पुढे म्हणाले, "तुझी काकी गेल्यापासून घरात बोलायला कोण नाय. सकाळी तिथं तुमच्याशी भांडतो, तेवढाच माझा दिवस. बाकी मंग हिला सांगत बसतो. पण ही उलट उत्तर देत नाय."

रोज ज्यांच्या नावाने बोटं मोडायचो, त्या माणसाबद्दल मला एकदम माया दाटून आली, आणि स्वतःची लाजही वाटली. काकांनी ठेकेदाराला हाकलल्याचं कळल्यावर ती पाच-सहा घरंही जागची हलली नाहीत, पण ते नंतरचं. पाठ केलेले फायदे मी त्या संध्याकाळी एकही सांगितले नाहीत. पेंड भिकार, माप खोटं, सेक्रेटरी अडाणी, असं काका एकेक काढत गेले, आणि मी बसून प्रत्येकाला उलट उत्तर देत राहिलो.