सुकलालनानांची विजेची गिटार

सुकलालनानांनी दार वाजवलं म्हणजे त्यांना आत यायचं असतं, असा नंदुरबारात नव्यानं आलेल्या माणसाचा समज व्हायचा. माझाही झाला. शाळेत नेमणूक होऊन मी त्या गल्लीत बिऱ्हाड केलं, त्याच आठवड्यातली गोष्ट. दार उघडलं तर नाना दाराला कान लावून उभे. आत या म्हटलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. मग बोटाच्या पेरानं फळीवर दोन-चार ठिकाणी टकटक करून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, वर चांगलं बोलस. खाले मुकं शे." आणि शेजारच्या दाराकडे गेले.

नाना दारं विकत घेणारे नव्हते. ते गिटारीसाठी लाकूड शोधत होते, आणि गिटार साधी नव्हे, विजेची. आमच्या गल्लीत तेव्हा विजेचा दिवासुद्धा आलेला नव्हता.

नाना मिरचीच्या बाजारात मापाडी होते. एके काळी भजनात त्यांच्या तोडीचा आवाज पंचक्रोशीत नव्हता म्हणे. पण उभा जन्म मिरचीच्या खकाण्यात काढल्यावर गळा कुठवर टिकणार? आधी वरचा सूर गेला, मग खालचा, शेवटी नुसती कुजबुज उरली. भजनी मंडळानं त्यांना मोठ्या मानानं पुढून उचललं, मागे बसवलं आणि हातात टाळ दिले. नाना त्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

घरी तर त्याहून पंचाईत होती. नानींना गेल्या काही वर्षांपासून कमी ऐकू येऊ लागलं होतं. म्हणजे एकाला आवाज नाही आणि दुसरीला कान नाही. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मधली दुभाषेगिरी माझ्याकडे आली. नाना माझ्या कानात "चहा कर म्हना" असं पुटपुटायचे, मी नानींच्या कानाशी बोंबलायचो, आणि सगळ्या गल्लीला कळायचं की नानांना चहा हवा आहे. मीठ कमी पडल्याचंही असंच कळायचं. तक्रारी सांगायला मला मजा यायची. एकदा मात्र नाना माझ्या कानाशी आले, काही तरी सांगायला तोंड उघडलं, आणि जाऊ द्या असा हात करून परत गेले. ते माझ्या तोंडून सांगण्यासारखं नसावं.

गिटारीचं वेड त्यांच्या डोक्यात घातलं स्टेशनवरच्या एका गोवेकर गार्डानं. त्याच्याकडे मांडीवर आडवी ठेवून, तारेवर लोखंडी कांडी घसरवत वाजवायची गिटार होती. नानांनी ती ऐकली आणि ती गळ्यासारखी सुरातून सुरात सरकत मींड घेते, एवढं त्यांना पुरलं. त्यात गार्डसाहेब सहज बोलून गेला, की विलायतेत आता तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवतात, मग ती भोंग्यातून हवी तितकी मोठ्यानं वाजते. पोकळ पेटीसुद्धा लागत नाही, भरीव फळी चालते. साहेबाची बदली झाली, पण फळी नानांच्या डोक्यात राहिली.

गल्लीतला सुतार त्यांना हत्यारं द्यायला तयार होता. नानांनी घेतली नाहीत. "पहिले हत्यार, मंग काम," हे त्यांचं पालुपद. दुसऱ्याच्या हत्यारावर आपला हात बसत नाही, असं त्यांचं ठाम मत. लढाईचे दिवस होते, खिळासुद्धा वशिल्यानं मिळायचा. नानांनी मोडक्या मोटारीच्या कमानीचा पट्टा लोहाराकडून ठोकून घेऊन पटाशी केली. मग रंध्याचं पातं. मग रंध्याला ठोकळा हवा, तो कोरायला पटाशीला धार हवी, धारेला दगड हवा. दगड आणायला ते तापीच्या पात्रात जाऊन आले. वर्ष सरलं तेव्हा नानांच्या घरात सुताराला लाजवील असा संच जमला होता आणि गिटारीचा पत्ता नव्हता. लोक हसायचे. मीही हसायचो, पण मला त्यांचा हेवा वाटायचा. मला जन्मात कुठली गोष्ट इतकी नेटानं हवीशी वाटलेली नव्हती.

सागाची फळी शेवटी नवापूरकडच्या वखारीतून आली, पण ओली. वाळवायची कुठे? नानांच्या दृष्टीनं वाळवायची जागा जगात एकच, मिरचीची पथारी. उघड्या रानात लाल मिरच्या पसरलेल्या असतात, तिथेच मधोमध त्यांनी फळी टाकली. मजूर बाया मिरच्यांबरोबर फळीही इमानानं उलटीपालटी करत राहिल्या. फळी उत्तम वाळली. मात्र रंधा फिरू लागला आणि सगळी गल्ली शिंकायला लागली. नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे माझ्या मेहुणीला बघायला मंडळी आली होती. डोळे पुसत आत आली, डोळे पुसतच गेली. या घरात काही तरी मोठं दुःख आहे असा त्यांचा समज झाला, आणि पुढे निरोपच आला नाही. नाना तोंडाला ओला पंचा बांधून रंधा मारत होते.

मग वेटोळं. जळक्या यंत्रातून सोडवलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळायची होती. त्यासाठी नानांनी चरखा आणला. नाना खादीवाले झाले अशी आवई उठली आणि एक शिपाई चौकशीला आला. चरख्यावर सुताऐवजी तांबं बघून त्याला नोंद काय करावी तेच कळेना. तार तुटायची. नाना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चुंबक भंगारातल्या टेलिफोनचा, तारा सुरतेहून आणलेल्या सतारीच्या.

गिटार झाली, पण मुकी. वीज आणि भोंगा हवा. तो होता सारंगखेड्याच्या यात्रेत, सिनेमाच्या तंबूत. आमचं भजनी मंडळ दरसाल त्या यात्रेला जायचं. "औंदा मन्हा आवाज ऐकू जावालेच पाहिजे," नाना म्हणाले. त्यांचा पुढच्या जागेचा मान परत मिळवायचा बेत आहे, हे मंडळानं ओळखलं आणि मजा बघायला सगळे आले. बैलगाडीतून नानीही आल्या, का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तंबूवाल्याला मी गळ घातली. खेळाआधी तो तबकड्या वाजवायचा, तेवढ्या वेळात एक भजन होऊ दे म्हटलं. घोड्यांच्या बाजारातून आलेल्या माणसांनी तंबू भरला होता. तबकडीच्या यंत्राच्या तारा काढून नानांच्या फळीला जोडल्या. भोंगा आधी नुसताच गुरगुरला. मंडळातलं कोणी तरी हसलं. नानांनी ढिला झालेला जोड कानशीच्या टोकानं घासला, पुन्हा पिळला आणि कांडी तारेवर ठेवली.

आवाज आला. तंबूचं कापड थरथरेल असा आला. मंडळ पुढच्या रांगेत बसलं होतं, पण नानांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. त्यांनी भोंगा फिरवून घेतला होता आणि त्याच्या तोंडासमोर नानींना पोत्यावर बसवलं होतं. लग्न झालं त्या साली ते जे भजन म्हणायचे, तेच वाजवत होते. फळीकडे बघत नव्हते, नुसते नानींच्या तोंडाकडे बघत होते. मानासाठी चाललं आहे असं आम्ही दोन वर्षं समजत होतो.

भजन संपलं. नानी पदरानं डोळे टिपून आपल्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "जरासं बेसूर शे. पन माले ऐकू येस."

गेल्या दोन वर्षांत गिटारीला नावं ठेवणाऱ्या कोणाशीही नाना धड बोलले नव्हते. आता त्यांनी मान डोलावली. तंबूवाला खेळाची वेळ झाली म्हणून ओरडत होता. नानांनी खुंटी पिळली, तार सुरात लावली आणि भजन पहिल्यापासून वाजवायला घेतलं.