भिंगापुढचा हात

आमच्या कॉलनीच्या मैदानावर जेवढे म्हणून सिनेमे झाले, त्या प्रत्येकात पाटणेकाकांनी काम केलेलं आहे. काम एकच. पडद्यावर काही भीतिदायक येऊ घातलं, मग तो खून असो, साप असो, नाहीतर वाऱ्याने आपटणारी साधी खिडकी असो, की मशीनच्या भिंगापुढे काकांचा उजवा हात यायचा आणि पडदाभर पाच काळी बोटं पसरायची. प्रसंग टळला की हात बाजूला.

आता गंमत बघा. हाताने चित्र झाकायचं, पण आवाज कसा झाकणार? वाघाने माणूस धरलेला दिसायचा नाही, पण माणसाचं ओरडणं, वाघाची गुरगुर, हाडांची कडकड सगळं यथासांग ऐकू यायचं, आणि समोर ही बोटं. आमची ही म्हणायची, "वाघ परवडला, पण काकांचा हात नको." तरी दर महिन्याला सतरंजी घेऊन सगळ्यांच्या आधी हीच जायची.

पाटणेकाका आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. एकटेच. कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. तरुणपणी मुंबईला होते, तिथे बायको गेली आणि नोकरी सोडून ते पिंपरीला आले, यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं. मुंबईची नोकरी मात्र मोठी मजेची. सिनेमा थेटरात लागण्याआधी सेन्सॉरची कमिटी ज्या छोट्या हॉलमध्ये तो बघायची, तिथलं मशीन काका चालवायचे. एखादा सिनेमा अगदीच भयंकर निघाला, तर कमिटी मध्येच उठून जायची. कमिटी उठली म्हणजे पिक्चर गेला. आपल्या देशातल्या कुठल्याच थेटराचं तोंड तो बघायचा नाही.

हा शब्द काकांच्या जिभेवर जो बसला तो कायमचा. कँटीनची आमटी तोंडात घातली की म्हणायचे, "ह्या आमटीला कमिटी उठली असती." युनियनच्या पुढाऱ्याचं भाषण लांबलं की मागून हळूच, "उठा, कमिटी उठली." आमच्या मेव्हण्याला मुलगी दाखवायला काकांना नेलं, तर तिथेही ते मला कानात म्हणाले, "कांदेपोहे पास. मुलगा जरा कापावा लागेल." आम्ही कापला नाही. लग्न झालं, आणि काकांचं म्हणणं खरं होतं हे मुलीला कळायला फार दिवस लागले नाहीत.

पिंपरीत त्यांना पुन्हा मशीन मिळालं ते कंपनीच्या वेल्फेअर खात्याचं. त्या मशीनचे काय लाड! रविवारी सकाळी त्याला तेल, मऊ फडक्याने भिंग पुसणं, वर स्वतःच्या धोतराचं कव्हर. सिनेमाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी घोटून, वरात निघाल्यासारखे मैदानावर यायचे. दोन बांबूंना चादर बांधायची आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना नायक डावखुरा दिसायचा आणि काकांचा हात डावा.

जेवणाच्या सुट्टीत आमचा शंकर गाडे त्यांना मुद्दाम छेडायचा. गाडे चाकणकडचा, शेती भावाकडे सोपवून कंपनीत लागलेला, आणि कॉलनीच्या गणेश मंडळाचा सेक्रेटरी.

"काका, ती भुताची इंग्लिश पिक्चरं आपल्याकडं का येत न्हाईत वो?"

झालं. काका डबा बाजूला सारायचे. "आपल्याकडेच कशाला? ऑस्ट्रेलियात म्हणे भुताचा पिक्चर बंदरातच अडवत होते, गुरांचा रोग अडवतात तसा. विलायतेत लढाई चालू होती तेव्हा असले पिक्चर साफ बंद. बरोबरच आहे. खरी माणसं मरत असताना खोटी कशाला मारायची?"

"आन् ते बर्फाचे देश?"

"तिकडे हिवाळ्यात रात्र संपत नाही, शंकरराव. पिक्चर सुटल्यावर माणसाने घरी जायचं कसं?"

"आमच्या चाकणला तरी कुठं रस्त्यावर दिवे हायेत?"

"म्हणून तर मी हात घालतो," काका शांतपणे म्हणायचे. "आपल्या लोकांचं भुताशी वाकडं नाही. भूत आपल्या नात्यातलंच असतं. पण विलायती पिक्चरमध्ये डॉक्टर मेलेला माणूस उठवून बसवतो. मग तेराव्याला जेवून गेले त्यांना काय सांगायचं? ह्या प्रश्नाला कमिटी उठायची."

हे शेवटचं कमिटीच्या कागदावर होतं की काकांच्या डोक्यात, देव जाणे. पण असं पटवून सांगायचे की आम्ही कामावर जाताना तेराव्याचाच विचार करत जायचो.

एका गणपतीत मात्र ह्या हातावरून रामायण झालं. गाडेने पुण्याहून खबर आणली, की एक विलायती भुताचा पिक्चर, बरीच वर्षं अडकून पडलेला, आता कुठे पास झालाय आणि भाड्याने मिळतोय. मंडळाची बैठक बसली. मेलेली बायको रोज संध्याकाळी जिना चढून आपल्या घराशी येते आणि नवरा आतून कडी लावून बसतो, अशी गोष्ट. गाडेने नाव वाचून दाखवलं आणि काकांचा चेहरा बदलला.

"हाच," ते म्हणाले. "ह्यालाच कमिटी उठली होती. मी चालवलाय हा."

"मग तर तुमीच चालवा," गाडे म्हणाला. "पन काका, वाईट वाटून घेऊ नगा, ह्या टायमाला हात न्हाई घालायचा. सगळी वर्गणी भूत बघाया दिलीय लोकांनी, तुमची बोटं बघाया न्हाई. हात घालनार असाल तर आमी पुण्याचा आपरेटर आनतो."

काकांच्या मशीनला दुसरं कुणी हात लावणार, हे आम्हाला कुणालाच ऐकवत नव्हतं, पण गाडेचं चुकत होतं असंही म्हणवेना. मला वाटलं, काका आता उठून जातील. ते खाली सतरंजीकडे बघत राहिले.

"दुसऱ्याला बोलावू नका," ते म्हणाले. "हा पिक्चर मीच चालवणार. हात घालणार नाही. शब्द देतो."

मग सिनेमाच्या दिवसापर्यंत काकांचं काही खरं नव्हतं. कँटीनमधली आमटी टीकेविना पोटात जाऊ लागली. ही म्हणाली, "म्हाताऱ्याचा जीव घेताय तुम्ही लोक. घालू दे की हात." मी म्हटलं, मंडळाचा ठराव आहे, मी काय करू? ही म्हणाली, तुमच्या ठरावाला कमिटी उठली.

त्या संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मुद्दाम मशीनशेजारी बसलो, न जाणो, वेळ आली तर काकांचा हात धरावा म्हणून. काकांनी तो आपणहून मांडीखाली दाबून ठेवला होता. शेवटचं रीळ लागलं. पावसात जिना, एकेक पायरी वाजतेय, बायामाणसांनी पदर तोंडाशी धरले. सगळं मैदान हाताची वाट बघत होतं. हात आला नाही. जिना चढून भूत वर आलं आणि उजेडात उभं राहिलं.

भूत म्हणजे काय, तोंडाला पीठ लावलेली एक बाई. केस तिरपे बसलेले. भुवया कोळशाने ओढलेल्या. अख्ख्या मैदानाने तिला नीट न्याहाळलं आणि पुढच्या रांगेतून एक आजीबाई म्हणाली, "अगं बाई, ही तर उपाशी दिसतीय." त्याबरोबर असा हशा उसळला की पडद्याचा बांबू हलला. काकांच्या बोटांनी आम्हाला इतकी वर्षं जे भिववलं होतं, ते ह्या विलायती भुताच्या बापाला जमलं नसतं.

गाडेच उभा राहून ओरडला, "काका, हात घाला वो. भ्या वाटंना!"

"हात! हात!" सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मी काकांना कोपराने ढोसलं, "घ्या, जिंकलात. घाला आता." पण काका ऐकतच नव्हते. मांडीखाली हात तसाच, आणि डोळे पडद्यावर. ते पिक्चर बघत होते. मशीनशेजारी बसून काकांना पडद्याकडे असं बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पिक्चर सुटला. गाडेने जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून हात पहिल्यासारखा चालू, मंडळाची काही हरकत नाही. लोक हसत हसत घरी गेले. मी आणि काका चादरीच्या घड्या घालत होतो.

"म्हणजे शेवट असा होता होय," काका म्हणाले.

"तुम्ही तर मुंबईला पाहिला होता ना?"

"चालवला होता. पाहिला नव्हता." त्यांनी चादरीचं टोक नीट जुळवलं. "आमच्या हिला चोरून आणायचो मशीनच्या खोलीत. मशीनशेजारी भिंतीला बारकं भोक असतं काचेचं, तिथून बघायची. तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात कान गेले. हॉलमध्ये काय बोलतात त्याचं तिला काही नव्हतं, नुसतं बघायला मिळालं की खूश. पण भित्री फार. म्हणून मी काचेवर हात धरायचो, आणि तिच्या तोंडाकडे बघायचो, हात केव्हा काढायचा ते कळावं म्हणून."

इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला विचारत आलो होतो, काका, आवाजाचं काय? त्यांच्या बायकोसाठी पिक्चरला आवाज नव्हताच.

"ह्या पिक्चरला फार भ्याली होती," काका म्हणाले. "जिना आला आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. मग मी शेवटचं रीळ संपेस्तोवर हात काढलाच नाही. तोवर हॉलमधली कमिटी उठून गेली होती, पिक्चर परत गेला. पुढे ती गेली. मला आपलं वाटायचं, पुढे काहीतरी भयंकरच असणार."

"आणि आज?"

"पाहिलंत ना तुम्ही. नवरा उठतो, कडी काढतो. ती आत येते, आपल्या जागेवर बसते. तो तिला पंचा देतो डोकं पुसायला. बस. संपला पिक्चर."

काकांनी घडी केलेली चादर छातीशी धरली.

"भिण्यासारखं काही नव्हतं हो त्यात," ते म्हणाले. "तिने बघितलं असतं."