केंद्र सरकार बरखास्त

"आजपासून या घरात केंद्र सरकार नाही," असं स्पृहानं रविवारी सकाळी, पोह्यांवर कोथिंबीर पडायच्या आत जाहीर करून टाकलं.

जर्मनीत, हायडेलबर्गमधल्या त्या तीन खोल्यांच्या घरात केंद्र सरकार म्हणजे तिची आई, साधना. हीटर किती अंशांवर, तपकिरी डब्यात कुठला कचरा, वायफाय किती वाजता बंद, सगळे हुकूम एकाच तोंडातून सुटायचे. त्यात नववीतल्या स्पृहाला इस्टरच्या सुट्टीनंतर वर्गात रेफेराट, म्हणजे भाषण, द्यायचं होतं. विषय, अमेरिकेतली बंडखोरी आणि केंद्र सरकारवरचा अविश्वास. इंग्रज राजाविरुद्ध उठल्यावर तिथल्या तेरा राज्यांना स्वतःच्याच सरकारची धास्ती वाटली. मग त्यांनी असं केंद्र बनवलं की त्याला कर बसवता येईना की हुकूम सोडता येईना. करायची ती फक्त विनंती! हे वाचलं आणि पोरीच्या अंगात आलं.

"प्रयोग सुरू. प्रत्येकाची खोली म्हणजे स्वतंत्र राज्य," ती म्हणाली. "कलमं मी लिहिलीत. गेनाऊ, बरोब्बर तेरा, त्यांच्यासारखीच."

"पोरगी बरोबर बोलतेय," सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले आजोबा, साधनाचे वडील वासुदेवअप्पा, बशी सरकवत म्हणाले. "चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली मी. सरकारवर अविश्वास कसा ठेवावा, ते मला विचारा."

स्पृहाच्या बाबांनी, दीनानाथनं, तर सगळ्यात आधी सही ठोकली. बिचाऱ्याला किती वर्षांपासून तेवीस अंशांवर झोपायचं होतं. त्याला बेडरूम मिळाली, अप्पांना हॉल. साधनानं बाल्कनी मागून घेतली. रात्रीपुरती ती नवऱ्याच्या राज्यात व्हिसावर येणार होती. स्वयंपाकघर सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. साधनानं हसत सही केली, आणि खरं तर तिथंच या तिघांना संशय यायला हवा होता.

"कागद म्हणजे सत्ता. तेही वाटायचे," स्पृहा म्हणाली.

कपाटातले नऊ जाडजूड ऑर्डनर, घरच्या कागदपत्रांच्या फायली, खाली उतरले. पासपोर्ट अप्पांकडे गेले, भाडेकरार स्पृहाकडे, पगाराच्या स्लिपा दीनानाथकडे.

"तुझ्या व्हिसाच्या कार्डाच्या टेर्मिनचं पत्र येणारे, लक्ष ठेव," साधना दीनानाथला म्हणाली. "कार्ड संपतंय. नवीन झाल्याशिवाय उर्जाच्या लग्नाला भारतात जाऊन परत येता येणार नाही."

"ही विनंती की हुकूम?" दीनानाथनं विचारलं.

"विनंती."

"मग बघू!"

उर्जा म्हणजे त्याची एकुलती एक धाकटी बहीण. लग्न मे महिन्यात, आणि त्या टेर्मिनसाठी, म्हणजे कचेरीतल्या भेटीच्या वेळेसाठी, तो चार महिने ताटकळला होता. पण स्वातंत्र्य नवं असलं की माणसाला अशी गुर्मी येतेच.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्यात ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यावर चिलटं घोंगावू लागली. डबा कुठल्याच राज्याचा नव्हता. शेवटी गुरुवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या क्र्यूगरबाई वासाची तक्रार घेऊन आल्या, तेव्हा दीनानाथ नाक दाबून डबा घेऊन उतरला. खाली टपालपेटी ओसंडून वाहत होती. तीही कुठल्याच राज्याची नव्हती! तळाशी पिवळट पाकीट. त्यानं ते तिथंच फाडून उघडलं. टेर्मिन आजच होता, दहा वाजता, पासपोर्ट, भाडेकरार आणि पगाराच्या स्लिपा घेऊन. घड्याळात पावणेनऊ.

"अप्पा, माझा पासपोर्ट!" तो वर येऊन ओरडला.

"अर्ज दे. तीन प्रतींत."

"अहो अप्पा, उर्जाचं लग्न बुडेल!"

"मग एक प्रत चालेल," अप्पा म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले.

स्पृहानं भाडेकरार दारातच धरून ठेवला. "आल्झो, तर मग बाबा, आधी तह. दोन शनिवार भांडी तू घासायची."

"चार घासतो, दे!"

राहिल्या पगाराच्या स्लिपा. त्या दीनानाथच्या स्वतःच्याच राज्यात असल्यामुळे काही केल्या सापडेनात. ड्रॉवर उलटे झाले, बॅगा झटकल्या, सव्वानऊ वाजले. बाल्कनीत साधना पाय पसरून कॉफी पीत होती.

"साधना," तो दारात उभा राहिला. "लहानपणी तिला सायकलवर शाळेत सोडायचो गं मी. मांडवात मीच नसलो तर?"

साधनानं त्याचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवला. आत जाऊन तिनं गादी उचलली. खाली स्लिपांचा गठ्ठा.

"सुरक्षित राहाव्यात म्हणून तूच ठेवल्यास, येड्या. चल, मी येते. ट्राम तीन मिनिटांत आहे."

दहाला दोन मिनिटं कमी असताना ते कचेरीत पोचले. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद तपासला, बोटांचे ठसे घेतले आणि सांगितलं, कार्ड तीन आठवड्यांत मिळेल. लग्नाच्या चांगलं आठवडाभर आधी. बाहेर आल्यावर दीनानाथनं भर रस्त्यात बायकोला मिठी मारली.

संध्याकाळी अप्पांनी सभा बोलावली.

"बास झालं स्वातंत्र्य. केंद्र सरकार परत आणायचं. कोण कोण बाजूनं?"

तीन हात झटकन वर गेले. साधना शेंगदाणे सोलत राहिली.

"आई, हात," स्पृहा म्हणाली.

"ते तेरावं कलम वाच बरं जरा."

स्पृहानं वही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. "कलमांत बदल करायचा तर... सगळ्या राज्यांची संमती हवी. एकही कमी चालणार नाही. त्यांचंही असंच होतं."

"बाल्कनीची संमती नाही," साधना म्हणाली. "दोन आठवड्यांत मी तीनदा पोहायला गेले. दुपारी झोपले. कुणाचा मोजा कुठाय, हे मला माहीत नाही, आणि मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं."

"अगं, पण घर कसं चालायचं?" दीनानाथ कळवळला.

साधनानं शेंगदाणा तोंडात टाकला. दीनानाथ मुकाट्यानं उठला, स्वयंपाकघरात गेला. थोडी भांडी वाजली.

"साधना," आतून हाक आली, "वरणाला कुकरच्या शिट्ट्या किती गं?"

"तो राज्यांचा अंतर्गत प्रश्न आहे," साधना म्हणाली.