आबांचं पहिलं पाणी

सकाळी सहाला दार वाजलं तर आमच्या माधवनगरच्या गल्लीत कुणी दूधवाला आला असं समजत नाही. दारात हणमंतआबा असतात. डोक्याला माकडटोपी, पायात लष्करातले बूट, हातात रिकामी बाटली.

"नळ सोडलाय का?"

"नाही आबा, आत्ताच उठलो."

"सोडू नगा. पयलं पानी मला पायजे."

पहिलं पाणी म्हणजे रात्रभर नळात मुक्कामाला राहिलेलं. ते आबा स्वतःच्या हातानं भरून घेतात, बाटलीवर चिठ्ठी चिकटवतात आणि बूट आपटत निघून जातात. चहा विचारलात तर म्हणतात, "ड्यूटीवर हाय."

आबा फौजेत इंजिनियर पलटणीत हवालदार होते. डोंगर असो की वाळवंट, तुकडीला प्यायचं पाणी पुरवायचं हे त्यांचं काम. मूळचे कुंडलचे. पेन्शनीत आले आणि थोड्या वर्षांनी गावच्या घराला कुलूप लावून इथं एका खोलीत राहायला आले. घर चांगलं असताना हा माणूस भाड्यानं का राहतो, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तराच्या आधी आमच्याच नळाची तपासणी झाली असती.

त्यांना दुसरा विषयच नव्हता. एकदा गल्लीतल्या एका लग्नात पंगत सोडून ते कार्यालयाच्या मागं गेले आणि रुपयाच्या नाण्यानं पाइपांवर ओरखडे काढत बसले. नवरीचा बाप धावत आला.

"आबा, काय शोधताय?"

"शिसं."

बापाला ऐकू आलं 'शिशी', म्हणजे दारूची बाटली. तो बिचारा कानकोंडा झाला. "आवं, माळकरी हाय आमी! असलं काय ठेवत न्हाई लग्नात!"

आबा शांतपणे म्हणाले, "तुमी ठेवत नसाल. पाइपात कुनी ठेवलं आसंल तर?"

लोक हसायचे. मीही हसायचो. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं आबा मला 'मास्तर' म्हणत आणि माझ्या अडाणीपणाबद्दल हळहळत. "मास्तर, पान्यात शिसं दिसतंय का? न्हाई. वास येतोय का? न्हाई. चव कळती का? न्हाई. मग भ्या की!"

आम्हाला भिण्याचं कारणच नव्हतं. ओट्यावर निळ्या दिव्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. शिवाय चार वर्षांच्या ओवीसाठी मीनल, माझी बायको, पाणी वीस मिनिटं खळखळून उकळायची. सूप, खिमट, भात, सगळं त्याच पाण्यात. ओवीचं पोट अधूनमधून दुखायचं, जेवायला कंटाळायची, चिडचिड करायची. आम्ही उकळायची वेळ आणखी पाच मिनिटं वाढवली.

आणि एका रविवारी आबा तपासणीचा अहवाल घेऊन आले. बाटल्या त्यांनी सांगलीतल्या प्रयोगशाळेत दिल्या होत्या. गल्लीतल्या पाच घरांपैकी चार ठीक होती. पाचवं आमचं होतं.

"तीन बाटल्या नेल्यावत्या तुमच्या," आबा म्हणाले. नेहमीचा चढा आवाज नव्हता. "रस्त्यावरच्या मीटरजवळचं पानी साफ हाय. सैपाकघरातला नळ धा मिनिटं सोडून घेतलेलं, जरा कमी वंगाळ. आन पयलं पानी..."

कागदावर शिशाचा आकडा होता आणि शेजारी मर्यादा छापलेली होती. आमचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट होता. मी तो तीनदा वाचला. मला वाटलं, दशांश चिन्ह चुकलं असेल.

"पण आम्ही उकळतो ना!" मीनल म्हणाली.

आबांनी टोपी काढली. "पोरी, उकळून जंतू मरत्यात. शिसं मराया ते काय जित्तं हाय व्हय? वाफ होऊन पानी उडतंय, शिसं भांड्यात ऱ्हातंय. उलट घट्ट हुतंय."

मीनल ओट्याला टेकून खाली बसली. रोज पंचवीस मिनिटं घड्याळ लावून उभी राहणारी बाई. मी यंत्राकडं बोट दाखवलं. आबांनी मान हलवली. "ह्यो निळा दिवा बी जंतूचाच वैरी."

मग ते सिंकखाली आडवे झाले. आमचं घर जुनं, कापडगिरणीच्या भरभराटीच्या दिवसांतलं. वडिलांनी ते विकत घेतलं आणि पाइपांना दर दिवाळीला रंग दिला. आबांनी त्या रंगावर नाण्यानं ओरखडा काढला. आत मऊ, चांदीसारखं चकाकलं.

मी बघतच राहिलो. माझ्या घरात, माझ्या भिंतीत, माझ्या वडिलांनी हौसेनं रंगवलेलं ते विष होतं, आणि मी ते रोज पेल्यात ओतून मुलीला म्हणत होतो, "पी बाळा, पाणी भरपूर प्यावं."

दुसऱ्या दिवशी ओवीचं रक्त तपासलं. शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, आधी ते पाणी बंद करा, लोह आणि दूध पोटात जाऊ दे, काही महिन्यांनी पुन्हा बघू. घरी आलो तर आबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. नळावर पाटी: 'हे पाणी पोटात जाणार नाही. हुकमावरून.' मीटरजवळच्या नळावरून भरलेल्या दोन कळश्या ओट्यावर.

"लादी पुसा, कपडे धुवा. पर चहाला सुदिक थेंब नगं. आरओची मशीन शिसं अडवती, पर तिच्या गाळायच्या कांड्या येळेवर बदलाव्या लागत्यात. खरं औषीद एकच. पाइप उपटा."

पाइप उपटला. आबा तीन दिवस खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून प्लंबरला हुकूम सोडत बसले. प्लंबरनं चौथ्या दिवशी मला हात जोडले.

चार महिन्यांनी ओवीचा आकडा बराच खाली आला. कागद घेऊन मी थेट आबांच्या खोलीवर गेलो. त्यांनी तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. मग कॉटवर बसले.

"उतरतंय म्हना की," ते म्हणाले. "मास्तर, कुंडलात पयला घरातला नळ माझा. सुट्टीवर आलोवतो. बायकू लांबनं पानी आनायची, बघवंना. भंगारातनं पाइप आनला, मऊ, हातानं वाकायचा. खुश झालो. मीच टाकला. मी वरसातनं दोन म्हैनं घरी. ती बारा म्हैनं त्येच पानी प्याली."

मी त्यांच्या शेजारी कॉटवर टेकलो.

"हातातली भांडी पडायची तिच्या. इसरायची. मी सुट्टीवर येऊन तिच्यावरच वरडायचो, काम नगं म्हनून सोंग करतीस म्हनून. ती गेली, मग पेन्शनीत आलो, मग पाइप वरखडला. त्यामुळंच झालं आसं कुनी डाक्टर म्हनला न्हाई. पर न्हाई आसं तरी कोन म्हनलं?"

त्यांनी उशीखालून एक पिवळं पडलेलं आंतरदेशीय पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. अक्षरं मोठी, वाकडी, रेघ सोडून वर चढलेली.

"चष्मा न्हाई, तुमीच वाचा," आबा म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मी वाचलं. 'नळ आल्यापासनं सकाळचं दोन तास मोकळं मिळत्यात. त्यात मी शेजारच्या बाईंकडं लिवायला शिकली. हे पयलं पत्र माझ्या हातचं हाय. पानी लय ग्वाड हाय. तुमी लय चांगलं केलं.'

आबा खिडकीकडं बघत होते.

"उत्तर धाडायचं ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले.