बाईंचा गूळ

गणपतरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एकटेच रांगेत उभे होते.

मंगळवार पेठेतलं रॉकेलचं दुकान. उघडायला अजून पाऊण तास होता. बंद फळ्यांपासून बरोबर दोन हात अंतर राखून हे गृहस्थ हातात डबा धरून ताठ उभे. मी नुकताच कोल्हापुरात नोकरीला आलो होतो आणि शेजारच्याच चाळीत खोली घेतली होती. मी आपला जाऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. गृहस्थांनी मान वळवली.

"पावणं, रांग हाय."

मी आजूबाजूला बघितलं. "कुठं?"

"ही काय," ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले. "मी पयला. तुमी मागं या. एकट्याची बी रांग असती. आमच्या बाई म्हणायच्या."

मी उठलो आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. का राहिलो ते मला आजही सांगता येत नाही. पाऊण तास आम्ही दोघं त्या बंद दुकानासमोर एकामागे एक उभे होतो. त्यांच्या शर्टाच्या खिशातून मुंग्या निघाल्या होत्या आणि खांद्यावरून पाठीवर उतरत होत्या. त्याही रांगेतच होत्या.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या कारखान्यात बिलं करायच्या टेबलावर रुजू झालो, तर समोर स्टोअरच्या जाळीमागे हेच गृहस्थ. गणपतराव चौगुले, स्टोअरकीपर. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना. आठ लेथ, तीसेक माणसं आणि एक भोंगा. त्या तीस माणसांना गणपतराव पहिलीचा वर्ग समजत.

बाई म्हणजे त्यांच्या पहिलीच्या बाई. गणपतराव मूळचे गडमुडशिंगीचे. गावच्या शाळेत एक वर्ष काढलं आणि पुढं वडिलांनी म्हशींमागे लावलं. बाकीचं लिहिणं-वाचणं त्यांनी शहरात आल्यावर दुकानांच्या पाट्यांवरून पुरं केलं. "एकच वरीस शिकलो," ते सांगत, "त्यामुळं इसरायला काय न्हाईच."

आणि खरंच ते काही विसरले नव्हते. रांग मोडायची नाही. डबा एकट्यानं खायचा नाही. ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं. एकदा मालकांच्या हातून टेबलावर चहा सांडला. गणपतराव फडकं घेऊन गेले, ते मालकांच्या समोर धरलं आणि नुसते उभे राहिले. मालकांनी थोडा वेळ कागद वाचल्यासारखं केलं. शेवटी बिचाऱ्यांनी स्वतः टेबल पुसलं, कारण समोरचा माणूस हलायलाच तयार नव्हता.

पण बाईंचा सगळ्यात मोठा नेम गुळाचा. वर्गात कुणी चूक केली की त्यानं सगळ्यांसमोर उभं राहायचं, हात पुढं करायचा आणि 'चुकलो' म्हणायचं. बाई त्या हातावर छडी मारत नसत. गुळाचा खडा ठेवत. पोरानं तो खायचा. मग बाई हवेत तळवा फिरवत आणि म्हणत, "पुसली पाटी." त्यानंतर त्या चुकीचा शब्द कुणी काढायचा नाही.

म्हणून गणपतरावांच्या खिशात कायम पितळेची डबी आणि डबीत गूळ. मुंग्यांचं कोडं मला तेव्हा सुटलं. कारखान्यात लेथ चालवणारे दोन टर्नर भांडले, एकानं दुसऱ्याच्या अंगावर पाना फेकला, तर जेवणाच्या सुट्टीत गणपतराव पाना फेकणाऱ्या झुपकेदार मिशांच्या माणसाला सगळ्यांपुढं उभं करत. तोही हसत हसत हात पुढं करी, गूळ तोंडात टाकी, आणि गणपतराव गंभीर चेहऱ्यानं हवेतली पाटी पुसत. सगळ्यांची करमणूक होई. मी घरी पत्रांतून या गमती रंगवून लिहीत असे. माणूस वेडा आहे पण भला आहे, असं माझं मत होतं आणि त्यात मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

गणपतरावांचा सगळा जीव त्यांच्या मुलात होता. सदा, एकुलता एक. वीस वर्षांचा, मिशी नुकती फुटलेली, आमच्याच कारखान्यात तिसऱ्या लेथवर एका टर्नरच्या हाताखाली शिकत होता. गणपतराव स्टोअरमध्ये अशा बेतानं खुर्ची टाकत की जाळीतून तो लेथ दिसावा. सदानं एखादं काम नीट उतरवलं की ते लगबगीनं माझ्या टेबलाशी येत आणि भलतंच काहीतरी बोलून परत जात. मुलाचं कौतुक बापानं चारचौघांत करू नये, हाही बहुधा बाईंचाच नेम असावा.

एका शनिवारी स्टोअरमधला, बारीक मापं घ्यायचा एक मायक्रोमीटर कमी भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतराव माझ्या खोलीवर आले. चेहरा उतरलेला. मायक्रोमीटर सदाच्या ट्रंकेत सापडला होता.

"माप घ्यायचा सराव करायला आणलता म्हणतोय," ते म्हणाले. "सोमवारी ठेवनार हुतो म्हणतोय. खरं हाय त्येचं. मला ठावं हाय माझं पोरगं."

"मग झालं तर," मी म्हणालो. "सकाळी कपाटात ठेवून द्या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तसं न्हाई, कुलकर्णी. गुपचूप ठिवलं की मनात ऱ्हातंय. उभं ऱ्हाऊन दिलं की पुसलं. आमच्या बाई म्हणायच्या."

मी आणखी थोडं बोललो. फार बोललो नाही. रविवारची दुपार होती आणि मला झोप येत होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सदाला तिसऱ्या लेथपाशी उभं केलं. तीस माणसं डबे उघडून बसलेली. सदाच्या हातात तो मायक्रोमीटर. मान खाली, कान लाल. तो 'चुकलो' म्हणाला, पण ते ऐकूच आलं नाही. गणपतराव म्हणाले, "जोरात, बाळा." तो परत म्हणाला. मग गणपतरावांनी डबी उघडली आणि त्या वीस वर्षांच्या मुलाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

पहिल्यांदा हसलो तो मी. वाईट बुद्धीनं नाही. तो ताडमाड पोरगा, ती मिशी आणि तो गूळ बघून मला आवरलं नाही. माझ्या मागोमाग सगळे हसले. इतका वेळ सगळे गप्प होते, कुणीतरी सुरुवात करायचीच वाट बघत होते. सदानं मूठ मिटली. गूळ खाल्ला नाही. गणपतरावांनी हवेतली पाटी पुसली आणि समाधानानं स्टोअरमध्ये गेले. त्यांच्या हिशेबानं गोष्ट संपली होती.

संध्याकाळपर्यंत सदाचं नाव 'गूळ' पडलं. मंगळवारी शेजारच्या कारखान्यातली माणसंही त्या नावानं हाक मारू लागली. बुधवारी कुणीतरी त्याच्या लेथवर गुळाची ढेप ठेवली. कुणाचं काही हरवलं की सगळे त्याच्याकडे बघत. गणपतराव प्रत्येकाला जाऊन सांगत होते, "आता शब्द काढायचा न्हाई. पाटी पुसलीया." त्यांना वाटत होतं, ही माणसं नेम विसरली आहेत, आठवण करून दिली की झालं. आमच्यात तो नेम कधी नव्हताच, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं.

गुरुवारी सदा कामावर आला नाही. घरी ट्रंक नव्हती. खिडकीत तो गुळाचा खडा तसाच ठेवलेला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी, म्हणजे गणपतरावांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या फार कमी बोलत. त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमच्या बाईस्नी पोरबाळ हुतं काय?"

गणपतरावांनी खिडकीतल्या त्या खड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हवतं."

पुढं सहा वर्षं सदाचा पत्ता नव्हता. गणपतराव ज्याला त्याला विचारत. इचलकरंजीला चाललेल्या ड्रायव्हरला, आजऱ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला. रांगेत मात्र उभे राहत, बाईंची वाक्यं सांगत, डबीही खिशात असे. आता त्या डबीतून कुणाला गूळ देताना मी पाहिलं नाही. सदाची वाट बघणं हा त्यांचा एक वेगळा नेम झाला आणि तोही त्यांनी मोडला नाही.

मग एकदा मी कारखान्याच्या कामाला पुण्याकडे गेलो आणि तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर सदा दिसला. अंगानं भरलेला, मिशी जाड झालेली. त्यानंच मला ओळखलं. चहा मागवला. मी त्या हसण्याबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"तुमी हसला त्येचं काय न्हाई," तो म्हणाला. "तुमी परकं. पर डबी त्यांनी उघडली. मी चोर न्हाई हे त्यांस्नी ठावं हुतं. तरी उभं केलं."

"आता घरी ये. वय झालंय त्यांचं."

त्यानं कप खाली ठेवला. "तीस माणसांत मला उभं केलं. तीस माणसांत त्यांनी उभं ऱ्हाऊन म्हणू दे, चुकलो. मग बघू."

हे कधी होणार नाही, या खात्रीनंच तो बोलला असावा असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मला तो चांगला मार्ग वाटला. मी त्याचा पत्ता लिहून घेतला आणि परत येताच गणपतरावांच्या घरी गेलो.

सदा भेटला आणि त्यानं एक अट घातली आहे, असं सांगितलं. त्यांनी अट विचारलीच नाही. आधी विचारलं, "बारीक झालाय?"

"नाही."

"लेथवरच हाय न्हवं?"

"हो. चांगला टर्नर झालाय."

"व्हनारच की," ते म्हणाले. "मापाला पक्का हुता."

मग मी अट सांगितली. वहिनी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. गणपतरावांनी मान हलवली. "बराबर हाय त्येचं. बाईंचाच नेम हाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते तिसऱ्या लेथपाशी जाऊन उभे राहिले. धुतलेला शर्ट घातला होता. निम्मी माणसं नवी होती, त्यांना सदा कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. गणपतराव मोठ्यानं म्हणाले, "माझ्या पोरानं चोरी केली न्हवती. मला ठावं हुतं. तरी मी त्येला हितं उभं केलं. मी चुकलो."

आणि त्यांनी हात पुढं केला. तळवा वर.

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. नव्या माणसांना काय करायचं ते कळेना, जुन्यांना कळत होतं पण ती खाली डब्यात बघत राहिली. माझ्या डब्यात त्या दिवशी चपातीबरोबर गूळ होता. मी तो बोटांत धरलासुद्धा. चार पावलं चालायची होती. पण सगळे माझ्याकडे बघतील या विचारानं मी जागचा उठलो नाही. आजपर्यंत मला स्वतःची जितकी लाज वाटली आहे त्यात ही सगळ्यात मोठी.

हात बराच वेळ तसाच होता. मग भोंगा झाला, माणसं उठली, लेथ सुरू झाले. गणपतरावांनी हात खाली घेतला, शर्टाला पुसला आणि ते स्टोअरमध्ये गेले.

संध्याकाळी मी सदाला पत्र लिहिलं. वडील उभे राहिले, सगळ्यांसमोर म्हणाले, आता ये. हाताचं मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी जाळीतून विचारलं, "समदं लिवलं न्हवं?"

"सगळं," मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. महिन्यानं दुसरं पत्र टाकलं, ते 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. मी ते गणपतरावांना दाखवलं. त्यांनी तो शेरा पाट्या वाचायच्या सवयीनं एक एक अक्षर लावून वाचला आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून बाईंचं नाव ऐकलं नाही. खिशातली डबीही दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला मालक चार शब्द बोलले, गणपतरावांनी स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच रॉकेलच्या दुकानासमोर. वीस-पंचवीस माणसं होती, मी मध्ये कुठंतरी. गणपतराव कडेनं आले आणि रांगेकडे न बघता थेट फळीपाशी जाऊन त्यांनी डबा पुढं केला.

"आजोबा, रांग हाय," पुढचा माणूस म्हणाला.

गणपतरावांनी मागे वळून त्या सगळ्या माणसांकडे बघितलं. "व्हय काय," म्हणाले, आणि रिकामा डबा घेऊन निघाले. माझ्याजवळून जाताना मी त्यांचा हात धरला.

"गणपतराव, इथं माझ्या पुढं उभे राहा. कुणी काही म्हणणार नाही."

"नको, कुलकर्णी," ते म्हणाले. "माझा नंबर गेला."

त्यांनी हात सोडवून घेतला. मी त्यांच्या मागे जाऊ शकलो असतो. पण तासभर उभा होतो, पुढं चारच माणसं उरली होती. मी रांगेतच थांबलो, नंबर आल्यावर रॉकेल घेतलं आणि घरी आलो.